छातीतली धडधड आणि होल्टरचे चोवीस तास

छातीत धडधडते, ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे शांत झालेले असते. साध्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंद टिपले जातात. हृदयाचे ठोके मात्र दिवसाला लाखाच्या घरात पडतात. म्हणून नोंदणारे यंत्रच अंगावर बाळगायचे, ही होल्टर मॉनिटरची कल्पना. अमेरिकेतील मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात केलेले असे पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे. वजन ८५ पौंड, म्हणजे सुमारे ३८ किलो. आजचे यंत्र खिशात मावते.

प्रस्तुत लेखिकेला ते लावताना तंत्रज्ञाने छातीवरची त्वचा स्पिरिटने पुसली, हलकेच घासली, त्यावर इलेक्ट्रोड चिकटवले आणि वायरी निसटू नयेत म्हणून टेपने बसवल्या. आंघोळीला चोवीस तास सुट्टी. सोबत एक कागद मिळाला. त्यावर नोंदी झाल्या त्या अशा: ‘दुपारी ४.१०, जिना चढल्यावर’, ‘रात्री ११.४०, डाव्या कुशीवर, एकच जोराचा ठोका’. अर्धी तपासणी या कागदावर असते. वेळ लिहिलेली नसेल तर त्रास आणि आलेख यांची सांगड घालता येत नाही. त्या दिवशी जपून, पडून राहणेही चूकच; चहा, जिने, धावपळ नेहमीसारखीच हवी.

११.४०च्या आलेखात खालच्या कप्प्यातून वेळेआधी आलेला एक ठोका दिसला. अशा ठोक्यानंतर हृदय क्षणभर थांबते, जास्त रक्त भरून घेते आणि पुढचा ठोका जोराने मारते. छातीत जाणवतो तो हाच. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, चांगली असेल आणि असे ठोके थोडेच असतील तर ते बहुधा निरुपद्रवी असतात. जिन्यावरच्या वेळी लय अगदी नियमित होती, फक्त वेग वाढलेला. हेही उत्तरच आहे, आणि धीर देणारे.

धडधड आठवड्या-पंधरवड्यातून होत असेल तर चोवीस तास पुरत नाहीत. तेव्हा चौदा दिवसांपर्यंत चिकटून राहणारी पट्टी किंवा इव्हेंट रेकॉर्डर लावतात. क्वचित येणाऱ्या, कारण न सापडलेल्या झिटेसाठी त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो. तो काही वर्षे चालतो.

धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर यंत्राची तारीख मिळण्याची वाट पाहू नये; तडक रुग्णालय गाठावे.