जेद्दा पाच तासांवर, आणि बीड?

बीडमध्ये कुणालाही विचारा, जेद्दा किती लांब? उत्तर तयार असते, "मुंबईतून पाच तास." ते खोटे नाही. मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. जाताना साधारण साडेपाच तास लागतात. येताना थोडे कमी, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. घड्याळ मात्र उलटे सांगते. सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे तिकिटावर जाणे तीन तासांचे दिसते आणि येणे सात-साडेसात तासांचे.

दादांच्या काळी हाजी मुंबईहून जहाजाने जात. सुमारे 2300 सागरी मैलांना जुन्या जहाजांना बारा-पंधरा दिवस लागत. माणूस कर्ज फेडून, सगळ्यांकडे "कहा-सुना माफ" करून निघे. 1995 साली ती जहाजे बंद झाली. त्याच साली मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावरची रेल्वे बीडला पोहोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी. विमानतळ तर जिल्ह्यात नाहीच. मुंबईहून बीड रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ तास. आकाशातल्या साडेतीन हजारांपेक्षा जमिनीवरचे हे चारशे मोठे.

हे मोठेपण कळते ते मय्यतीच्या दिवशी. गेल्या हिवाळ्यात आमचे चाचा फजरच्या वेळी गेले. धाकटा मुलगा जेद्द्यात गोदामात कामाला. बातमी त्याला मिनिटात कळली. पण सौदीतून सुटीवर निघायचे तर आधी एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो. कफील उठला, कागद झाला, तिकीट मिळाले, तोवर दुपार टळली. विमान रात्रीचे. तो घरी पोहोचला दुसऱ्या दिवशी मगरिबला. एकूण छत्तीस तास. त्यातले हवेतले फक्त पाच.

इथे थांबायचे की नाही यावर बैठकीत दोन तट पडले. एकुलते धाकटे पोर, तोंड तरी पाहू द्या, असे काहींचे म्हणणे. मय्यतीला उशीर करू नये, असे वडीलधाऱ्यांचे. शेवटी चाचीच बोलल्या, "मय्यत का हक पहले." असरनंतर जनाजा उचलला. पोराने तो मोबाईलवर पाहिला.

मला चाचींचे बरोबर वाटते. तरी त्या पोराला कुणी "यायला हवे होतेस" म्हणू नये, असेही वाटते. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरे आखातात आहेत. ज्यांचे आई-बाप थकले आहेत, त्या घरांनी हा विषय आधीच बोलून ठेवावा. कुणासाठी किती थांबायचे, आपण नसताना कबरीत कोण उतरेल, हे पोर सुटीवर आलेले असताना, चहा पिता पिता ठरवावे. अपशकुन वगैरे काही नसतो. दादांची पिढी निघण्याआधी एवढे बोलून घेत असे. प्रवास पाच तासांवर आला तसे ते बोलणे मागे पडले.