बेणारेबाई, तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात?

सुलभा देशपांडे. हे नाव सध्या मी भेटेल त्याला सांगते आहे. शाळेतल्या सहकारी बाईंना, अंबाजोगाईच्या स्टँडवर भेटलेल्या जुन्या मैत्रिणीला, घरी आईला. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, कोण गं ती? मग मी म्हणते, ‘इंग्लिश विंग्लिश’मधली श्रीदेवीची सासू! लगेच चेहरे उजळतात. “अगं हो, त्या म्हाताऱ्या बाई! किती गोड होत्या!”

गोड! परवापर्यंत मीसुद्धा हेच म्हणत होते. ‘चौकट राजा’ तर लहानपणी टीव्हीवर लागला की आम्ही सगळी घरं मिळून पाहायचो, दिलीप प्रभावळकरांच्या नंदूसाठी डोळे पुसायचो, आणि त्या नंदूची आई झालेल्या बाईंचं नाव विचारावं असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही. आई म्हणजे आई. तिला कशाला नाव लागतं?

आणि मग मी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पाहिला. 1971 सालचा सिनेमा, विजय तेंडुलकरांच्या नाटकावरचा. सत्यदेव दुबेंचं दिग्दर्शन, गिरीश कार्नाडांची पटकथा, गोविंद निहलानींचा कॅमेरा, अमरीश पुरी आणि अमोल पालेकर अगदी उमेदवारीच्या काळातले. आणि या सगळ्यांच्या मधोमध चौतिशीच्या सुलभाताई, लीला बेणारे झालेल्या. मी सिनेमा संपवला आणि त्याच रात्री नाटक वाचायला घेतलं. सकाळी शाळेत गेले ती जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन, पण अंगात असा काही जोर आला होता की परिपाठाला पोरंही माझ्याकडे बघत राहिली.

नाटक माहीत नसलेल्यांसाठी सांगते, आणि माहीत असलेल्यांनीही ऐकाच. मुंबईची एक हौशी मंडळी एका लहान गावात प्रयोग करायला येते. प्रयोग कसला, तर अभिरूप न्यायालयाचा. अण्वस्त्रं बनवल्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला! सगळ्यांच्या आधी बेणारेबाई हॉलवर पोचतात. गावातला सामंत नावाचा साधा माणूस त्यांना दार उघडून देतो. रात्रीच्या प्रयोगाला वेळ असतो, सामंतने आयुष्यात कोर्ट पाहिलेलं नसतं, मग त्याला दाखवायचं म्हणून एक खोटा खटला भरायचं ठरतं. आरोपी कोण? बेणारे. आरोप? भ्रूणहत्या. गंमत म्हणून सुरू झालेला खेळ बघता बघता खरा होतो. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील, पोंक्षे, कर्णिक, रोकडे साक्षीदार, आणि सामंतलाही साक्षीला उभं करतात. एकेक जण या अविवाहित शिक्षिकेचं खासगी आयुष्य उपसून टेबलावर ठेवत जातो.

आणि या सगळ्याचं निमित्त सामंत! गावातला माणूस! मला हलवलं ते इथे. नाटकातलं गाव कुठलं ते मला महत्त्वाचं नाही, पण ते माझ्या लेखी आमचंच आहे. पुण्या-मुंबईची मंडळी आली की सतरंज्या घालणारे, चहा सांगणारे, हॉलची किल्ली सांभाळणारे आम्हीच. नाटकं-सिनेमे पाहताना एरवी मी नायिकेच्या जागी बसते. इथे मी सामंतच्या खुर्चीत बसले होते. हातात पुस्तक धरून, मला काय विचारताहेत ते धड न कळता, ते सांगतील तशी साक्ष देत. आपल्या भोळेपणाचासुद्धा कुणी कोयता करू शकतं हे मला त्या खुर्चीतून दिसलं.

आता सुलभाताईंविषयी. बेणारे येते तीच खळाळत. बोलते, गाते, नकला करते, सामंतची फिरकी घेते. शाळेतल्या पोरांविषयी बोलताना ती फुलून येते. तुम्हाला वाटतं, वा, काय मोकळी बाई आहे! मग मधेच एखादं वाक्य जरा जास्तच जोरात येतं, एखादं हसू गरजेपेक्षा लांबतं, आणि ही बाई काहीतरी झाकते आहे हे तुम्हाला कळतं. तिच्या बरोबरच्यांना मात्र ते आधीपासूनच माहीत असतं. खटला चढत जातो तसं तिचं बोलणं आटत जातं. निम्मं नाटक ती जवळजवळ गप्प आहे! बोलक्या बाईचं गप्प होणं इतका वेळ धरून ठेवायचं, त्यात एकदाही कीव मागायची नाही, हे कसं जमतं हो? मी ते प्रसंग मागे नेऊन पुन:पुन्हा पाहिले. हात, मान, खांदे, सगळं बोलत असतं.

मग तो शेवट. आरोपीला बोलायला वेळ मिळतो दहा सेकंद. ती बोलत नाही. आणि भोवतालचे सगळे थिजतात, आणि तिचं ते लांबलचक स्वगत सुरू होतं. कोवळ्या वयातला मामा, नंतरचे प्रोफेसर दामले, स्वतःच्या शरीरावरचा राग आणि त्याच शरीरावरची माया, पोटातल्या जिवाची ओढ. मंचावरचं कुणीही ते ऐकत नाही. ऐकतो फक्त आपण. रंगभूमीवरचे लोक सांगतात की हे स्वगत मुळात नव्हतं. 1967 साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतर्फे राज्य नाट्यस्पर्धेसाठी तालमी चालू असताना, बेणारेला तिचं म्हणणं मांडायला मिळालंच पाहिजे असा आग्रह झाला, दिग्दर्शक होते सुलभाताईंचे पती अरविंद देशपांडे, आणि मग तेंडुलकरांनी ते लिहिलं. हे वाचून मी उठून उभी राहिले. मराठीतलं एवढं थोर स्वगत, आणि ते तालमीतून, करणाऱ्यांच्या हट्टातून आलेलं!

निकाल काय लागतो? तिला शाळेतून काढलंच आहे, शिवाय पोटातला गर्भ नष्ट करावा. एका बाईच्या गर्भाशयाविषयी खोलीभर लोक ठरवतात. हे बीड जिल्ह्यात बसून वाचून बघा. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. 2019 मध्ये राज्याच्या समितीने जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर कारखान्यांकडे जातात. त्यांच्या आयांना पाळी, खाडा, उचल या सगळ्याच्या हिशेबात काय काय काढून टाकावं लागलं ते मी ऐकत आले आहे. त्यांना दहा सेकंदसुद्धा कुणी दिले नाहीत. म्हणून हे नाटक जुनं झालं असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

आणि आता ऐका, सुलभाताई स्वतः शिक्षिका होत्या! माहेरच्या कामेरकर, मुंबईच्या, आणि नोकरी दादरच्या छबिलदास शाळेत. बेणारे मास्तरीण, बेणारे करणारी मास्तरीण. शाळेतल्या मुलांसाठी नाटक हवं म्हणून त्यांनी तेंडुलकरांकडून बालनाट्यं लिहून घेतली. 1971 मध्ये ‘रंगायन’मधून बाहेर पडून अरविंद देशपांडे, अरुण काकडे यांच्यासह त्यांनी ‘आविष्कार’ काढली. प्रयोगाला परवडणारं थिएटर नाही, मग काय करायचं? शाळेचा हॉल! 1974 पासून छबिलदासच्या त्या साध्या सभागृहात जे सुरू झालं त्याला आज अख्खा महाराष्ट्र ‘छबिलदास चळवळ’ म्हणतो. पडदा नाही, उंच मंच नाही, हात लांब केला तर नटाला लागेल इतकं जवळ प्रेक्षक. दुबे तिथे, पालेकर तिथे, रोहिणी हट्टंगडींची ‘चांगुणा’ तिथली. शाळेच्या हॉलमधून एका भाषेची रंगभूमी बदलली! आमच्या तालुक्यात नाट्यगृह नाही म्हणून नाटक होत नाही असं आम्ही म्हणतो. पण हॉल तर प्रत्येक मोठ्या शाळेत आहे.

मुलांसाठी ‘आविष्कार’ची ‘चंद्रशाला’ होती. तिचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य, मंचावर पोरांची झुंडच्या झुंड, पिढ्यान्‌पिढ्या चाललं. उर्मिला मातोंडकर लहानपणी त्यातच होती. 1978 मध्ये सुलभाताईंनी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा मुलांचा सिनेमा दिग्दर्शित केला. सिनेमातली त्यांची कामं मी आता एकेक करून शोधते आहे. श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त त्या स्मिता पाटीलची आई आहेत, आणि ती आई अजिबात गोड नाही! धुसफुसणारी, भेदरलेली, मुलीच्या नशिबात आपलंच नशीब बघणारी. ‘अल्बर्ट पिंटो’मध्ये नवरा-बायको दोघंही आहेत. 1987 च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. त्यानंतरही त्या काम करत राहिल्या, आणि 4 जून 2016 ला गेल्या. तोवर मला त्यांचं नावही माहीत नव्हतं याची मला फार हळहळ वाटते. एक पत्र तरी लिहिलं असतं.

‘इंग्लिश विंग्लिश’ मी आता पुन्हा पाहिला. सासूबाई फारसं काही करत नाहीत. घरात वावरतात, सुनेकडे बघतात. पण ते बघणं! घरातले सगळे जिच्या इंग्रजीला हसतात तिच्याकडे एकच माणूस न हसता बघतो, आणि तो माणूस म्हणजे एकेकाळची लीला बेणारे.

यंदाच्या गॅदरिंगला आमची पोरं रेकॉर्ड डान्स करणार नाहीत. निदान माझा वर्ग तरी नाही. बालनाट्य बसवायचं नक्की झालं आहे, सातवीतल्या पोरी आत्तापासून भांडताहेत राणी कोण होणार म्हणून. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांची कामं दिवाळीआधी करता येतील अशी तारीख मी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. तुम्ही वाचणाऱ्यांनी एवढं करा, आधी ‘चौकट राजा’ बघा, मग ‘भूमिका’, आणि मग एखाद्या रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा, ‘शांतता!’ लावा. आणि बघून झालं की मला सांगा, कारण या बाईंविषयी बोलायला मला माणसं कमी पडताहेत.