पेटी का रडत होती?

आमचे बाबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. संध्याकाळी हात धुऊन पेटीवर बसत. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांची पेटी ऐकून आले, की चार दिवस तोच विषय.

बाबा गेल्यावर दोन वर्षे पेटी कुणी उघडलीच नाही. गणपतीत काढली, तर भाता मारताच मधल्या सप्तकातला गंधार आपोआप वाजू लागला. आई हुक्केरीकडची. म्हणाली, "पेटी अळाकत्तैति!" खरेच, ती रडल्यासारखीच वाजत होती. मी म्हटले, "विकून टाकू." आई गप्प झाली. तिचे गप्प होणे मला कळते.

मग वरची फळी काढली. पट्टी न दाबता सूर वाजतो, म्हणजे तिच्याखालचे भोक नीट झाकत नाही, हे बाबांनीच सांगितले होते. पट्टीची मागची बाजू बोटाने दाबली. सूर थांबला असता, तर स्प्रिंग ढिली म्हणायची. तो थांबला नाही. पट्टी पावसाने फुगून शेजारणीला घासतही नव्हती. म्हणजे खाली काहीतरी अडकले होते. स्प्रिंग बाजूला करून पट्टी उचलली. चामड्याच्या गादीखाली तंबाखूची बारीक काडी!

बाबांनी हात कितीही धुतले, तरी वखार घरी यायचीच. काडी काढली, पट्टी बसवली. गंधार शांत झाला. दाबल्यावर गोड वाजला.

काडी फेकणार, तोच आईने हात पुढे केला, "कोड इल्लि." आणि ती पदराच्या टोकाला बांधली.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर विकण्याआधी एकदा फळी उघडून पाहा.