हौदा असलेली गाडी

“हिला हौदा आहे, म्हणून ही नियमात बसत नाही.” एवढे एक वाक्य गतवर्षी एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी मी ऐकले, आणि चौदा महिन्यांच्या परिश्रमांनंतर पुनश्च चालू झालेल्या माझ्या वडिलांच्या गाडीचे कागद, ज्या क्रमाने मी ते लावून दिले होते त्याच क्रमाने, माझ्या हाती परत आले. मी स्वतः सदतीस वर्षे शासकीय दफ्तरात नोकरी केली आहे. शेकडो अर्ज मजकुरातील एखाद्या शब्दावर बोट ठेवून परत पाठविले आहेत, आणि त्यांपैकी एकाही अर्जदाराचा चेहरा आज मला आठवत नाही. अशा माणसाला एक अर्ज नामंजूर झाल्याचे दुःख वर्षभर बाळगण्याचा अधिकार कितपत आहे, हे मला सांगता येणार नाही. तथापि ते वाक्य अद्याप सलते आहे.

गाडी १९६८ सालची. नागपूरच्या सीताबर्डीत मोदी नंबर दोनच्या गल्लीत आमचे लोखंडी सामानाचे दुकान आणि त्यामागे वाडा होता. काटोल-नरखेडकडील बागाइतदारांना विहिरीवरचे पंप, पाइप आणि तारेची भेंडोळी पोचविण्यासाठी वडिलांनी ती घेतली, आणि परतताना हौदा रिकामा आणावयाचा नाही हा त्यांचा दंडक असल्यामुळे हंगामात ती संत्र्यांच्या पेट्या घेऊन कॉटन मार्केटात उतरत असे. ज्या महिंद्रा कंपनीचा मोटारधंदा १९४७ मध्ये मुंबईस विलीज जीपचे सुटे भाग जोडण्यापासून सुरू झाला, तिने १९६५ पासून काढलेली ही एफसी-१५०, म्हणजे ‘फॉरवर्ड कंट्रोल’. ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकन आरेखकाने जीपच्याच ८१ इंची सांगाड्यावर चालकाची केबिन थेट इंजिनाच्या माथ्यावर आणून बसविली आणि त्यायोगे आखूड गाडीच्या मागे ऐसपैस हौदा मिळवून दिला. नाकच नसल्याने गल्लीत तिला लहानथोर सगळेच ‘नकटी’ म्हणत. इंजिन दोन आसनांच्या मध्ये झाकणाखाली असल्यामुळे मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिसावर गेला म्हणजे, त्या झाकणावर हात टेकवत नसे, पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी भर रस्त्यात उभी राही, आणि मग पंपावर ओले फडके गुंडाळून तो निवेपर्यंत बाभळीच्या सावलीत बसावे लागे. माझ्या धाकट्या बहिणीचे रुखवत याच हौद्यातून वर्ध्याला गेले. १९८९ साली, डिझेलच्या टेंपोपुढे पेट्रोल परवडेनासे झाल्यावर, वडिलांनी तिला अंगणातील कडुनिंबाखाली उभी केली, चारही चाकांना विटा लावल्या आणि किल्ली देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.

ती किल्ली मी निवृत्तीनंतर काढली. भंगारवाल्यांचा तगादा मागे होताच, वाड्याच्या हिश्शांची बोलणीही चालू होती. त्या तपशिलात मी शिरत नाही. ज्या वयोवृद्ध मिस्त्रींनी तारुण्यात हिचेच क्लचप्लेट बदलले होते त्यांना मी शोधून आणले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या क्रँकला पाना लावून जोर दिला, आणि तो तसूभरही हलेना तेव्हा पाना पुसून ठेवीत ते म्हणाले, “भाऊ, हे इंजिन मेलं नाही, जाम होऊन राह्यलं. घाई नका करू.”

घाई न करणे म्हणजे काय, हे मला त्या तीन आठवड्यांत कळले. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात घासलेट आणि तेल यांचे मिश्रण चमचा-दोन चमचे सोडावयाचे, वर फडक्याचे बोळे लावावयाचे, आणि रोज संध्याकाळी एकदाच, तेही हाताच्या बळाने आणि हातोडा न वापरता, पाना दाबून पाहावयाचा, हा त्यांचा हुकूम. मी दररोज पाना दाबीत असे आणि दररोज तो भिंतीला दाबल्यासारखा लागे. एकोणिसाव्या संध्याकाळी मात्र, वर निंबातून कावळ्यांचा कालवा चालू असता, पाना बोटभर खाली गेला. आवाज असा काही झालाच नाही. केवळ तळहाताला आतून काहीतरी सुटल्याची जाणीव झाली, आणि तिसऱ्या प्लगच्या छिद्रातून तांबूस तेलाचा एक थेंब वर येऊन काठाशी थांबला. मी तसाच पाना धरून उभा राहिलो. तो सोडला तर मिळालेले बोटभर अंतर नाहीसे होईल, असे मला वाटत होते.

पुढील काम क्रमाने होत गेले. हेड उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरात गंजाचे कडे सापडले. या इंजिनाची रचना अशी की आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे खालचा जो एक व्हॉल्व्ह अडकला होता त्यासाठी बाजूचे झाकण वेगळे खोलावे लागले. मिस्त्रींच्या भाषेत बोअर तीन इंच एक सूत आणि स्ट्रोक चार इंच तीन सूत. लेथवर बोअर वाढवून एक माप मोठे पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. हेच इंजिन त्या काळच्या महिंद्रा जीपमध्येही असल्याने इतवारीतील लोहा ओळीत चार फेऱ्यांत बहुतेक सामान मिळाले. ब्रेकचे सिलिंडर, रेडिएटर, वायरिंग, पाट्यांचे बुश, यांबद्दल सांगण्यासारखे विशेष नाही. पैसा आणि कालावधी यांखेरीज त्यांनी काही मागितले नाही. हौद्याच्या तळाला मात्र मी नवा पत्रा लावू दिला नाही. पेट्या ओढून ओढून त्यावर दोन समांतर पन्हळी पडल्या आहेत. कुजलेला भाग तेवढा कापून जोडला आणि त्या पन्हळी तशाच राखल्या. माघातल्या एका सकाळी, एक-तीन-चार-दोन या क्रमाने प्लगच्या तारा पुन्हा एकदा तपासून, मिस्त्रींनी हँडल मारले. तिसऱ्या फेऱ्याला ती चालू झाली, आणि माझी आई, जिला हल्ली ऐकू कमी येते, ती ओटीवर येऊन म्हणाली, “नकटी आली का रे?”

आता मूळ गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेले, मूळ स्वरूपात राखलेले, सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन असेल तर वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. वर्तमानपत्रातील बातमीवरून माझी समजूत झाली होती की या अटींत आमची गाडी अक्षरशः बसते. वय पन्नासांच्या वर, इंजिन तेच, सांगाडा तोच, नोंदणीपुस्तक वडिलांच्या हस्ताक्षरातील टिपणांसह शाबूत. सांगाड्यावरील क्रमांकाचा छाप मी स्वतः घेतला होता. गंज पॉलिशपेपरने हलक्या हाताने उतरवून, वर पातळ कागद चिकटवून, त्यावर मऊ पेन्सिल आडवी धरून घासावी लागते. एकेक आकडा करड्या धुक्यातून वर येतो, आणि पुस्तकातील आकड्यांशी तो जुळताना पाहणे हा एक वेगळाच आनंद आहे.

खिडकीतील तरुण कारकुनाने सर्व कागद शांतपणे पाहिले. ‘बॉडीचा प्रकार’ या रकान्यापाशी त्याचे बोट थांबले. तेथे १९६८ साली कुणीतरी ‘पिकअप’ असे लिहिले होते. तो आत जाऊन अधिसूचनेची नक्कल घेऊन आला आणि व्याख्या मला वाचून दाखविली: दुचाकींचे दोन वर्ग आणि चारचाकींपैकी एम-१. एम-१ म्हणजे चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेले प्रवासी वाहन. आमची गाडी एन-१, म्हणजे साडेतीन टनांच्या आतील मालवाहू. मी म्हटले, हिचे भारासह वजन अवघे सुमारे २२७० किलो, अनेक मोटारींहून कमी. तो म्हणाला, प्रश्न वजनाचा नाही. मी म्हटले, हेच इंजिन असलेली त्या काळची जीप मी आणली असती तर? तो म्हणाला, “मग झालं असतं, काका. हिला हौदा आहे, म्हणून ही नियमात बसत नाही.”

या उत्तरावर मी किती विचार केला आहे, याची गणती नाही. एखाद्या संस्थानिकाची मोटार, जी वर्षातून चारदा बाहेर निघाली आणि जिच्यात बसून कुणी शिकारीस गेले, ती राष्ट्राचा ठेवा; आणि जिने वीस वर्षे विदर्भातील विहिरींवर पंप नेले, बागांतून संत्री आणली, लग्नाची भांडी आणि आजाऱ्यांच्या खाटा वाहिल्या, ती मात्र केवळ माल वाहणारी. ज्या देशात पोळ्याच्या दिवशी बैलाची पूजा करतात, त्या देशाच्या नियमात ओझे वाहणाऱ्याच्या नावाचा रकाना नसावा, हे मला अन्यायाचे वाटते. एवढे खरे की हे कुणी हेतुपुरस्सर केले असेल असे मी म्हणत नाही. व्याख्या करताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र असते तेच कागदावर उतरते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मोटार असावी, हौदा नसावा. परंतु दफ्तरात आयुष्य काढल्यामुळे मला हेही ठाऊक आहे की रकान्यात नसलेली वस्तू काही काळाने जगातही उरत नाही. ज्यांच्याजवळ अशा गाड्या असतील त्यांना भंगाराचा भाव कळतो. वारशाचा भाव त्यांना कुणी सांगितलेला नाही.

त्या कारकुनावर मी प्रथम रागावलो होतो. तो राग आता राहिलेला नाही. त्याने नियम वाकविला नाही, चहापाण्याची अपेक्षा केली नाही, आणि मी निघताना तोच बाहेर येऊन म्हणाला की तीन टनांच्या आतील मालवाहू गाडीस परवाना लागत नाही, आपण साधे पासिंग करून घ्या. मी ते केले. कराची थकबाकी भरली, उजव्या दिव्याचा झोत नीट करण्यासाठी एकदा परत यावे लागले, आणि योग्यता-प्रमाणपत्र मिळाले. त्याची मुदत एक वर्ष. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास तेवढीच असते.

आणि येथे माझे मन मलाच नीट कळत नाही. विंटेज नोंदणी मिळाली असती तर नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई झाली असती. आज मात्र मी तिच्यातून काटोलच्या बाजूस जाऊन, एका जुन्या बागाइतदाराच्या नातवाकडून, चार पेट्या संत्री हौद्यात घालून आणू शकतो, आणि मार्गशीर्षात ती आणलीही. मेट्रोच्या खांबांखालून बर्डीत शिरताना पेट्या त्याच दोन पन्हळींवरून सरकत होत्या. वडिलांना विचारले असते तर त्यांनी दहा वर्षांच्या सन्मानापेक्षा एका वर्षाचे काम पसंत केले असते, यात मला शंका नाही. मग मी कशासाठी झुरतो? तरीही झुरतो खरा. काम करण्याची मुभा मिळाली म्हणून मानाचा हक्क सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

ज्यांच्या अंगणात, गोठ्यात किंवा गोदामामागे अशी एखादी मालगाडी विटांवर उभी असेल त्यांनी भंगारवाला येण्यापूर्वी नोंदणीपुस्तक शोधून ठेवावे, सांगाड्यावरील क्रमांकाचा पेन्सिलने छाप घ्यावा, आणि इंजिन जाम असेल तर हातोडा दूर ठेवून तीन आठवडे तेल सोडून पाहावे. आणि ज्यांच्या हाती नियम लिहिण्याचे काम आहे त्यांना माझी लेखी विनंती गेलेली आहे, तीच येथे पुन्हा करतो: विंटेज वाहनांच्या व्याख्येत ‘एम-१’ या अक्षरांपुढे ‘व एन-१’ एवढी अक्षरे घालावीत.