कलम १५१ मधला आपला माणूस

मला एक माणूस सापडलाय आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला त्याच्याविषयी सांगत सुटलोय. बायको वैतागलीय, डोंबिवली लोकलमधला ग्रुप मला चढताना बघून डोळे मिटून घेतो. पण राहवतच नाही! हा माणूस १८७२ पासून आपल्या कायद्यात मुक्काम ठोकून आहे. त्याला नाव नाही, गाव नाही. इंग्रजीत नुसतं ‘प्रुडन्ट मॅन’.

मुलगी वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचं पुस्तक सहज चाळायला घेतलं आणि पुराव्याच्या कायद्यातल्या व्याख्येवर अडकलो. कोर्टात एखादी गोष्ट ‘शाबित झाली’ असं कधी म्हणायचं? मला वाटायचं, शंभर टक्के खात्री पटल्यावर. छे! न्यायालयाला ती खरी वाटली तर; किंवा ती इतकी संभवनीय वाटली, की त्या परिस्थितीत प्रुडन्ट माणसाने ती खरी धरूनच पाऊल उचलावं. (फौजदारीत शिक्षेसाठी वाजवी संशयालाही जागा उरता कामा नये, ते वेगळं.) म्हणजे ठाण्याच्या कोर्टात काळे कोट तावातावाने भांडत असतात, तेव्हा हा अदृश्य गृहस्थ मध्ये बसलेला असतो! मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रजाचा. १ जुलै २०२४ ला तो कायदा गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. हा गडी मात्र नव्या घरातही हजर.

आणि तो कोण नाही, हे बघण्यात खरी गंमत आहे. तो साधुसंत नाही, पंडित नाही. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारा भित्राही नाही, कारण त्याने पाऊल उचलायचं आहे, हातावर हात ठेवून बसायचं नाही. आपल्याकडे ‘पोक्त’ म्हणतात, ‘धोरणी’ म्हणतात, ‘व्यवहारी’ म्हणतात. तिन्ही थोडी थोडी ढवळली की हा तयार होतो.

पण मी खरा उडालो तो करार अधिनियमाच्या कलम १५१ वर. तोही १८७२ चाच. दुसऱ्याची वस्तू तात्पुरती ताब्यात घेणाऱ्याने किती काळजी घ्यायची? तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची साधारण प्रुडन्ट माणूस घेईल तेवढी. एक वाक्य, आणि त्यात डोंबिवलीचा अख्खा फडके रोड! इस्त्रीवाला, ड्रायक्लीनर, पाटल्या उजळायला घेणारा सोनार, ब्लाऊजचं कापड घेऊन दिवाळीचा वायदा करणारा शिंपी, सगळे त्यात बसतात. किमतीचा उल्लेख तर फारच मार्मिक. आजीची पैठणी आणि प्रवासातली चादर यांना एकच फडताळ चालणार नाही. ‘तशाच परिस्थितीत’ हे शब्दही नुसते शोभेचे नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुराआधी पाणी दुकानात शिरेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसेल. त्यानंतर मात्र उल्हास नदीच्या जवळ तळमजल्यावर दुकान असून भर जुलैत गिऱ्हाइकांचे कपडे जमिनीवर ठेवणारा, माझ्या मते, कलम १५१ चा माणूस नव्हे.

मुलीने लगेच माझ्या उत्साहाला टाचणी लावली. ‘बाबा, रेल्वेत तुमचा हा माणूस चालत नाही.’ आणि खरंच! रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम १२४अ: गर्दीच्या गाडीतून प्रवासी चुकून पडला, तर तो सावध होता की नव्हता हे नुकसानभरपाईच्या आड येत नाही. आत्महत्या, स्वतःचा गुन्हा, नशा असे मोजके अपवाद सोडले तर रेल्वेने पैसे द्यायचे. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जिवानिशी गेली. सकाळी आठला डोंबिवलीहून निघणाऱ्याला ‘तू आत का नाही उभा राहिलास’ असं विचारणं हीच मुळात चेष्टा आहे. तिथे या माणसाला बाजूला बसवलंय, हे मला कायद्याचं शहाणपण वाटतं.

आता तुमच्या कामाचं. पावतीमागे बारीक अक्षरात ‘मालाची जबाबदारी आमच्यावर नाही’ छापलेलं असतं आणि आपण ते मुकाट्याने घडी करून खिशात घालतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ मध्ये पाहुण्याची मोटार चोरीला गेली. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती आणि पावतीवर असाच मजकूर होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला असं अंग काढून घेता येणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी साडी हरवली आणि दुकानदाराने पावती उलटी करून दाखवली, तर तिथून तसेच परत फिरू नका. कलम १५१ आणि १५२ वाचून जा. दोन्ही मिळून अर्धं पानही भरत नाही.