कोबेच्या प्रवासाची पेटी

मोत्यांचा व्यापारी नोव्हेंबरअखेर चार दिवसांसाठी जपानच्या कोबे बंदरी निघतो, तेव्हा सौम्य हवेमुळे त्याची पेटी हलकीच असते: सुती कपडे, एक स्वेटर, छत्री आणि कापडी बूट. उरलेल्या जागेत खाखरे, भाजलेले चणे आणि लसणाशिवायचे भडंग; कारण तेथील भाजीच्या रश्शातही बहुधा माशांचा अर्क असतो. सूर्य मात्र पाचच्या आत मावळतो आणि सौद्याची बोलणी रात्रीच्या जेवणावर रंगतात. रात्रिभोजनत्यागामुळे सौदा दुरावेल, ही धास्ती असते. म्हणून तो निघण्यापूर्वीच पत्राने दुपारच्या भोजनाची वेळ मागून घेतो. कितानो भागात १९८५ साली उभे राहिलेले महावीरस्वामींचे मंदिर सांगते, की तेथे स्थायिक झालेल्या व्यापारी कुटुंबांनी पेढी आणि नियम दोन्ही सांभाळले. चार दिवसांच्या पाहुण्याला तेवढे जमावेच.