खिळ्यांकडून कळांकडे

व्यवसाय बदलण्याचा प्रसंग आला, की आधी सारे स्पष्ट दिसावे आणि मगच पाऊल उचलावे, असे प्रत्येकाला वाटते. उपजीविकेचा प्रश्न मात्र तेवढी सवड देत नाही.

बडोद्यातील आमचा छापखाना नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभारला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मंडळांचे अहवाल अशी गुजराती व मराठी कामे आम्ही खिळे जुळवून करीत असू. गुजरातीला शिरोरेषा नाही. जुळणीत बारीक फट राहिली तरी ती खुपत नाही. मराठीत रेघ तुटली, की शब्दच तुटल्यासारखा दिसतो. म्हणून मराठी मजकूर नाना स्वतः तपासत.

१९९० नंतरच्या दशकात संगणकावरील अक्षरजुळणी आणि ऑफसेट छपाई सर्वत्र पसरली आणि आमची गिऱ्हाइके एकेक करून कमी झाली. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. मुलगी दहावीत, घरात वृद्ध आईवडील. संगणक घ्यावा तर कर्ज, न घ्यावा तर दाराला कुलूप. अखेर दिवसा ट्रेडल चालवायचे आणि संध्याकाळी दोन तास ओळखीच्या एका तरुणाकडे जाऊन संगणक शिकायचा, असे ठरविले. सगळी वाट दिसत नव्हती. उद्याची संध्याकाळ तेवढी दिसत होती.

तेथे इन्स्क्रिप्ट कळफलकाशी परिचय झाला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. गुजरातीचा 'क' ज्या कळीवर, तिच्यावरच मराठीचा. एका लिपीत हात बसला आणि दुसरी आपसूक आली. उलट, खिळ्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी बसवावी लागे. येथे अक्षर आधी, वेलांटी मागून. वीस वर्षांची सवय मोडायला बोटे कित्येक आठवडे तयार होईनात. काही गोष्टी बरोबर न्यायच्या असतात, काही मागे ठेवायच्या असतात. कोणत्या कोणत्या, हे काम करतानाच कळते.

पुढे शिसे, कथिल आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचे ते खिळे वजनावर विकले. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी ढिगातून एक 'श्री' उचलून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून संगणकावरची मुद्रिते तपासायला ते नेहमीच्या खुर्चीत बसू लागले. यंत्र बदलले, पण चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ ओळखणारी नजर तीच होती आणि गिऱ्हाइके तिच्यासाठीच परत येऊ लागली.

बदल तेथे थांबला नाही. युनिकोड रूढ झाल्यावर जुन्या फाँटांतील फायली दुसरीकडे उघडल्या, की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. पुन्हा शिकणे आलेच. या वेळी शिकविणारी माझी मुलगी होती.

आपल्या घराण्यांना हे नवे नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. पुढे काय होईल, याची खात्री त्यांनाही कोणी दिली नव्हती. आजी सांगे, त्या दिवसांतही ते रोजच्या वेळेला टोपी घालून कामावर जात. अनिश्चिततेवर आमच्या घराला माहीत असलेला उपाय एवढाच आहे: उद्याच्या दिवसाचे काम आज नीट ठरवून ठेवणे.